गाव उठण्याचा नियम

रविवार, ३ नोव्हेंबर १९६३

खेळ आज पुन्हा फसला. गोविंदाकडं नागपूरकरांचा पक्ष, माझ्याकडं निजामाचा. बावीस मिनिटांत निकाल. त्याच्याकडं चिंचोके जास्त, म्हणजे फौज जास्त. ती सगळी त्यानं बाळापुरावर आणून ठेवली, झालं. मी म्हटलं, दुसरा डाव मांडू. तर म्हणे, "काऊन? ज्याच्याजवळ जास्त थो जिंकते, हे तं न खेळताबी समजते बे."

खरं आहे. नकाशा मात्र देखणा झालाय. गोविंदा ड्रॉइंग मास्तर, हात सोन्याचा. जुन्या मेणकापडाच्या पाठीवर अख्खं वऱ्हाड काढलं त्यानं. पूर्णा निळी, वर सातपुडा, नरनाळा-गाविलगड लाल. साठ गावांना साठ शर्टाची बटनं. तह, चौथाई, फितुरी, राजकारणाचे सगळे नियम आठवीच्या पोरांना कळले. अडलंय ते लढाईपाशी.

जानेवारीत बुलढाण्याला शैक्षणिक साधनांचं प्रदर्शन आहे. हेडमास्तरांनी शाळेचं नाव देऊन टाकलं. माझी तात्पुरती नेमणूक मार्चात संपते. खेळ चांगला झाला तर कायम व्हायला मदत होईल म्हणाले. नाही झाला तर काय, ते नाही म्हणाले.

बुध. ६ नोव्हें.

कवड्या आणल्या. मोठ्या फौजेला चार, लहानीला तीन. पोट्टे खूश. मी नाही. सहा चिंचोक्यांनी साठांना पळवलं, का तर कवड्या उताण्या पडल्या. इतिहास म्हणजे जुगार, हे शिकवायचं का आठवीला?

घोड्यांचं वेगळं काही करावं लागेल. खडूचे तुकडे = घोडे. दोन गावं चाल. पण चालून जातील कुठं, आणि का…

शनि. ९ नोव्हें.

शांता ज्वारी पाखडत होती, मी नकाशावर चिंचोके सरकवत होतो. बराच वेळ पाहून म्हणाली, "इतके लोकं इकून तिकून चालून राह्यले, तं हे खातात काय?"

मी म्हटलं, खेळ आहे हा.

"खेळात भूक नाही लागत काय?"

रागच आला. बी.ए.ला इतिहास मी घेतला, आणि बायको चौथी पास. तासाभरानं राग उतरला. बाजूच्या पोत्यातून मूठभर सरकी काढून प्रत्येक बटनाजवळ पाच-पाच ठेवली. सरकी म्हणजे गावातलं धान्य. फौज जिथं थांबेल तिथलं खाईल.

हे आधी का नाही सुचलं?

सोम. ११ नोव्हें.

पक्कं केलं. पाच चिंचोक्यांमागं दर डावाला एक सरकी. घोड्याला एक पूर्ण. गावातली सरकी संपली की फौज उपाशी. दोन डाव उपाशी राहिली की निम्मे चिंचोके घरी. कवड्या फक्त समोरासमोर लढाई झाली तरच, आणि त्याही दोनच.

आज गोविंदाबरोबर पावणेदोन तास चाललं. तोफा घेऊन गाविलगडाखाली बसला आणि उपाशी मेला. हसत होता. "गड्या, आता जमलं." लढाई म्हणजे मारामारी कमी, चालणं आणि खाणं जास्त. वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं.

रवि. १७ नोव्हें.

आज अनपेक्षित. आप्पासाहेब शाळेत आले. संस्थेचे अध्यक्ष, या गावातली निम्मी जमीन त्यांची. व्हरांड्यात नकाशा पाहून थांबले. "हे काय मांडलं मास्तर?" सांगितलं. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बसलेच. जमिनीवर. गोविंदा खुर्ची आणायला धावला तर म्हणाले, "राहू दे बे, खुर्चीवरून गाव दिसत नाही."

नागपूरकरांचा पक्ष घेतला. पूर्वज त्यांच्या बाजूनं लढले म्हणतात. लढले मात्र नाहीत एकदाही! सगळे घोडे घेऊन माझ्या फौजेच्या पुढं-पुढं गेले आणि वाटेतली गावं एकेक करून खाऊन टाकली. मी मागून जातो तर बटनाजवळ एक सरकी नाही. साखरखेर्ड्यापर्यंत पोहोचता पोहोचता माझी निम्मी फौज घरी.

"मास्तर, दुश्मनाले मारू नये. त्याची भाकर पयले खावी."

माणूस हुशार आहे. दोन वर्षांपूर्वी सगळी कमिटी नको म्हणत होती, वस्तीतला मास्तर कशाला म्हणून, तेव्हा यांनीच मला घेतलं. हे विसरून चालणार नाही.

रवि. २४ नोव्हें.

आ.सा. पुन्हा आले. पुन्हा जिंकले. मी निजाम, गोविंदा पुणेकर, दोघांनी तह करून लढलो तरी. लुटत पुढं जायचं, मागं राख. यावर तोड नाही.

जाताना म्हणाले, मुलगा नागपूरला शिकतो, दिवाळीलाही आला नाही. घरात बोलायला कोणी नाही, रविवारची वाट पाहतो आता. "या ना," म्हटलं.

खेळ मात्र मोडला. ज्या खेळात एकच चाल जिंकते तो खेळ नव्हे.

गुरु. २८ नोव्हें.

सापडलं. तलाठ्याकडं जुनी यादी पाहिली. आपल्याच भागातली कितीतरी नावं, पुढं एकच शब्द: बेचिराख. दिवा लावायलाही कोणी नाही असं गाव. फौजा आल्या, गेल्या, आणि लोक एक दिवस भांडी डोक्यावर घेऊन उठून गेले. शिवार कागदावर राहिलं. पुढं राजानं कौल द्यायचा, इतकी वर्षं वसुली माफ, या परत.

नियम: एखादं गाव दोनदा लुटलं की ते उठतं. बटन पालथं. तिथं रसद नाही, वसुली नाही, शिपाई भरती नाही. गावचे लोक शेजारच्या न लुटलेल्या गावी जातात. त्या गावच्या मालकाला एक चिंचोका जास्त. परत वसवायचं तर कौल, तीन डाव काही घ्यायचं नाही.

गोविंदानं बटनांच्या पाठी काळ्या रंगवायला घेतल्या. "लय दिवसानं काम लागलं हाताले."

रवि. १ डिसेंबर

गोविंदा तापानं पडलेला. तीन पक्ष लागतात. शांता माझी भाकर घेऊन आली होती, आ.सा.च म्हणाले, "बाई, बसा. खेळता येते?"

"पाहूनपाहून येते."

तिला उरलेला पक्ष दिला, दक्षिणेकडचा छोटा संस्थानिक. नऊ गावं, चिंचोके जेमतेम. नवा नियम मी दोघांना वाचून दाखवला. आ.सा. "हाव, हाव" म्हणाले, पण खेळले जुन्याच पद्धतीनं. मेहकर, लोणार, सगळं दोनदा झाडून नेलं. बटनं काळी होत गेली. प्रत्येक काळ्या बटनामागं शांताकडं एक चिंचोका. ती कुठं हललीच नाही. नऊ गावांतलं जपून खाल्लं, येईल त्याला जागा दिली.

संध्याकाळच्या आत आ.सा.कडं पस्तीस गावं, त्यातली सव्वीस काळी. घोड्यांना चारा नाही. शांतानं हळूच चिंचोके पुढं केले.

"असं कसं? मुलूख माहा जास्त हाय," ते म्हणाले.

शांता नकाशाकडं पाहतच म्हणाली, "मुलूख हाय जी. मानसं नाही त्याच्यात."

आ.सा. हसले. पण टोपी घालून लगेच उठले. "मास्तर, कडक केला तुमी खेळ."

घरी येताना मी तिला म्हटलं, जरा हरायचं होतंस. म्हणाली, "कसं हराचं थे सांगतलं नव्हतं तुमी."

शुक्र. ६ डिसें.

वस्तीत निंबाखाली सगळे जमले. बुद्धवंदना झाली. बाबासाहेबांना जाऊन सात वर्षं. मी चार शब्द बोललो. नंतर बाया बराच वेळ बसून होत्या, शांता त्यांच्यात. मी पेपर तपासायला निघून आलो.

सोम. ९ डिसें.

वाईट झालं. आ.सा.च्या मळ्यात कापसाची वेचणी चालू होती. वस्तीतल्या चाळीसेक बाया. तिथल्या विहिरीवरून पाणी काढायचं नाही, वरून कोणी ओतेल तेवढंच घ्यायचं, हा जुना रिवाज. आज दुपारी ओतायला कोणी नव्हतं. मैनाबाईनं स्वतः बादली सोडली. सोनाजीनं, आ.सा.च्या मळ्यावरच्या माणसानं, घागर लाथेनं उडवली आणि बैल हाकायच्या काठीनं, तुतारीनं, मनगटावर मारलं.

मैनाबाई शांताची मावशी लागते. हात सुजलाय. पोलिसात जाऊ म्हटलं कोणी तर म्हणाली, "पोलिसाले सांगून पानी मिळते काय?"

मंगळ. १० डिसें.

वस्तीतून आज एकही बाई मळ्यात गेली नाही. पहाटेच सगळ्या वरवट बकालच्या रस्त्यानं चालत गेल्या, दोन कोस, तिथल्या एका कास्तकाराकडं वेचायला. न भांडण, न आवाज. गावातून जाताना डोक्यावर पाण्याच्या घागरी.

शाळेच्या खिडकीतून पाहिलं. पोरं उठून उभी राहिली पाहायला. मी "बसा" म्हटलं, दोनदा.

गुरु. १२ डिसें.

आ.सा.नं बोलावलं. त्यांच्या बैठकीत उभाच राहिलो. बसा म्हणाले नाहीत.

"कोनं शिकवलं त्याईले?"

"मला माहीत नाही."

"तुले माहीत नाही?"

'तू'. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"सोनाजी चुकला. हजार वेळा मानतो. त्याले म्या बोललो. भांडाचं व्हतं, याचं व्हतं माह्या दारात. पन हे… गुपचूप उठून जानं? सगळेच्या सगळे? हे कोनाच्या डोक्यातून निंघालं, सांग. हे तुह्या कागदावर लिहिलेलं हाय. शब्दाले शब्द."

मी म्हटलं, खेळ वेगळा. शपथेवर सांगतो, माझा यात हात नाही.

"सगळी कमिटी नाही म्हने. म्या घेतलं तुले." मग हातानंच, जा.

रस्त्यात थांबून पाणी प्यावं वाटलं, कुठं थांबणार.

शुक्र. १३ डिसें.

शांताला सगळं सांगितलं. ती चुलीपुढं होती. मागं न बघता म्हणाली, "मी सांगतलं."

"काय?"

सहा तारखेला बाया विचारत होत्या, दर रविवारी तुझा नवरा आप्पासाहेबासंग काय करते. हिनं मातीत काडीनं रेघा ओढल्या, खडे ठेवले, समजावून दिलं. "सांगतलं का गाव उठलं का राजा लंगडा होते. मैनामावशी तं हसली. म्हने, लेकरायचा खेळ हाय. सोमवारी हात सुजवून आली, मंग हसली नाही. रात्री सगळ्यायनं ठरवलं."

"तू मला सांगायचं होतंस."

"सांगतलं असतं तं तुमी शपथ कशी घेतली असती?"

माझी शपथ खरी होती. तीच जास्त टोचते आहे. मी विचारलंच नव्हतं कोणाला काही. मैनाबाईच्या हाताला काय लावलं हेही नाही.

रवि. १५ डिसें.

कोणी आलं नाही. नकाशा गुंडाळून कपाटात ठेवला.

बुध. १८ डिसें.

हेडमास्तर. दार लावून घेतलं. "तुमचा खेळ उत्तम आहे. तेवढं एक कलम काढून टाका. गावं उठणं वगैरे. लढाईच्या खेळात त्याचं काय काम? तोफा वाढवा हवं तर." मग, "मार्च फार लांब नाही."

म्हटलं, विचार करतो.

"विचार करण्यासारखं काय आहे त्यात?"

रवि. २२ डिसें.

काढला. नियमांच्या तक्त्यावर तेवढ्या ओळींवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली. खळ शांतानंच करून ठेवली होती पाकिटांसाठी. तिनं पाहिलं. जेवताना भाजी कमी पडली, मी मागितली नाही.

मळ्यात कापूस फुटून लोंबतोय. वाऱ्यानं वाती झाल्या, खाली पडून माती लागली. आ.सा.नं नदीपलीकडून माणसं आणली, पंधरा-वीस. पुरत नाहीत. बाया रोज वरवट बकालला जातात. काही म्हाताऱ्यांना चालवत नाही, त्या घरी. त्यांचं कसं चाललंय, विचारलं पाहिजे.

मंगळ. २४ डिसें.

विचारलं. दोन घरी काल चूल पेटली नव्हती. तरी मळ्यात जायला तयार नाहीत. शांतानं घरातली ज्वारी दिली. मी उचलून नेली, एवढंच.

मैनाबाई भेटली. मनगट वाकडं जुळलंय. "गुरुजी, तुमची नोकरी तं नाही जाची ना आमच्यानं?"

तिनं मला विचारलं. मी तिला नाही.

रवि. ५ जानेवारी १९६४

गोविंदा आला. दारातच उभा. "एक सांगाचं हाय. रागावजो नको."

हेडमास्तरांनी त्याला सांगितलंय, प्रदर्शनात खेळ तुझ्या नावावर मांड. मास्तरांचं नाव नको सध्या.

"मग?"

"मी हाव म्हटलं."

मी दार अर्धं लोटलं, त्यानं हातानं धरलं.

"मले तीन लेकरं हायेत बे."

मी बोलू नये ते बोललो. नकाशा तुझा, ने. डोकं कोणाचं ते विचारतील तेव्हा काय सांगशील. रंगारी आहेस तू, वगैरे. तो ऐकून घेत राहिला. गेला. सायकल हातात धरून चालत गेला, बसला नाही.

रवि. १२ जाने.

आठवीच्या पोरांना बसवून नियमाशिवाय खेळ पाहिला. जसा होता तसाच झाला. जो पुढं जाऊन खातो तो जिंकतो. तिसऱ्या डावाला एका पोरानं विचारलं, "सर, ह्या गावचे लोकं इतक्यांदा लुटू देतातच कसे?" म्हटलं, खेळ आहे. म्हणतानाच शांताचा आवाज ऐकू आला.

शुक्र. १७ जाने.

उद्या बुलढाण्याचं प्रदर्शन. हेडमास्तरांना ताप आला, खरा का कसा कोण जाणे. गोविंदासोबत मलाच जा म्हणाले, सामान धरायला. आ.सा. त्यांच्या जीपमधून येणार, संस्थेचे अध्यक्ष म्हणून. गोविंदा आणि मी आजच एसटीनं निघालो. नांदुऱ्याला गाडी बदलताना त्यानं दोन चहा सांगितले. बारा दिवसांत पहिलं बोलणं: "साखर जास्त टाकू काय?"

शनि. १८ जाने., बुलढाणा

जसं झालं तसं लिहितो.

हॉलमध्ये टेबलं. आमच्यावर पाटी: कल्पना व रचना, गोविंदाचं नाव. खाली, बारीक अक्षरात, माझंही. त्यानं पहाटे उठून रंगवलं होतं. हेडमास्तरांना कळलं तर? म्हणाला, "कळू दे. अक्षर माह्यं हाय."

अकराला शिक्षण खात्याचे मोठे साहेब आले. आ.सा. सोबत, आणखी चार-सहा जण. साहेबांना खेळ आवडला. रसदेचा नियम दोनदा समजून घेतला. "हे तर पुस्तकातही नीट नाही." मग त्यांनी सहज एक बटन उचललं, बोटात फिरवलं. पाठ काळी. दुसरं उचललं. तेही.

"हे काय? पाठी काळ्या का?"

गोविंदानं रंग खरवडला नव्हता. विसरला का मुद्दाम, अजून सांगत नाही. तो माझ्याकडं पाहू लागला. आ.सा.ही. मी नियमांचा तक्ता पाहिला, त्यावरची पांढरी पट्टी पाहिली. ओलसर हवेत तिचा एक कोपरा सुटला होता.

म्हणता आलं असतं, रंग उरला होता म्हणून.

"गाव दोनदा लुटलं की लोक उठून जातात, साहेब. बटन पालथं होतं."

"मग राजाचं काय होतं?"

"रिकामा मुलूख राहतो त्याच्याकडं."

साहेब "अस्सं" म्हणाले. मग तक्त्याकडं बघून, "नियमांत दिसत नाही हा?"

"झाकला आहे."

"का?"

गोविंदा बटनं सारखी करू लागला. साहेबांनी आमच्या तिघांच्या तोंडाकडं पाहिलं, काय समजले कोण जाणे. "उघडा तो," एवढं म्हणून पुढच्या टेबलाकडं गेले. तिथं ज्वालामुखी धूर काढत होता.

रवि. १९ जाने.

गोविंदा टेबलापाशी थांबला, प्रदर्शन आणखी एक दिवस. काल दुपारी आ.सा. म्हणाले, चला. जीपमध्ये ते पुढं, ड्रायव्हरशेजारी. मी मागं. राजूरचा घाट सुरू झाला. काय होणार ते ठरलंच होतं. मी मनात सामान बांधत होतो. शांताचं माहेर, दोन पेट्या, पाटा-वरवंटा न्यायचा का…

"मास्तर."

"जी."

"थे कलम तुमी काढलं व्हतं म्हने."

"काढलं होतं."

"मंग सांगतलं काऊन?"

"त्यांनी विचारलं."

"विचारलं म्हनून." मोताळा मागं गेलं. मग म्हणाले, "शपथ घेतली व्हती तुमी माह्यासमोर."

इथं खोटं बोलणं सोपं होतं. म्हटलं, माझा हात नव्हता, ते खरं. पण खेळ बायांना घरातूनच कळला, माझ्या घरातून. हे मला नंतर समजलं.

ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. आ.सा.नी मान वळवली नाही.

नांदुरा जवळ आलं तेव्हा: "उठलेलं गाव वापस आनाचं तं कौल देऊन, हे वाचलं म्या. पन देते कोन? मानूस पाठवला तं चालते?"

नियमात याबद्दल काही नाही. मी विचारच केला नव्हता.

"नाही. ज्याचं राज्य त्यानं स्वतः जायचं."

"असं लिहिलं हाय?"

"लिहीन."

फाट्यावर उतरवलं मला. पुढं त्यांच्या वाड्याचा रस्ता. घरापर्यंत चालत येताना लक्षात आलं, 'तुमी' म्हणाले सबंध वाट. बरं वाटलं. बरं वाटलं याचाच मग राग आला.

शांताला सगळं सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही, पण समजले असतील, म्हटलं. "समजू द्या," म्हणाली. मग चूल विझवताना, "भेव वाटलं काय सांगताना?" हाव म्हटलं.

शुक्र. २४ जाने.

काही नाही. हेडमास्तर बोलत नाहीत. कमिटीची बैठक दहा फेब्रुवारीला, कायम करण्याचा विषय त्यात. खेळाला प्रशस्तिपत्र आलंय असं गोविंदा सांगत होता, हेडमास्तरांच्या टेबलाच्या खणात आहे.

पट्टी काढली. खाली अक्षरं थोडी फाटली, पुन्हा लिहिली.

गुरु. ३० जाने.

मी अंधार पडेपर्यंत शाळेतच होतो. शांतानं सांगितलं ते लिहितो.

दहाच्या सुमारास आ.सा. वस्तीत आले. पायी. सोबत कोणी नाही. बाया कामाला गेलेल्या, म्हाताऱ्या आणि लेकरं तेवढी घरी. ते निंबाखाली उभे राहिले. कोणी खाट आणली, बसले नाहीत. मैनाबाई कुठं, विचारलं. वरवट बकालला गेली. "केव्हा येते?" दिवस मावळता.

परत गेले. दिवस मावळता पुन्हा आले. हे शांताला पटेना, मलाही.

मैनाबाई डोक्यावरची घागर न उतरवताच उभी राहिली. आ.सा. म्हणाले, "सोनाजीले मळ्यावरून काढलं. कापूस गेला थो गेला. तूर उभी हाय, हरभरा येऊन राह्यला. या."

"अन् विहीर?"

बाकी सगळे मैनाबाईकडं पाहू लागले. आ.सा.ही.

"सांगतो," म्हणाले. "भावकीत विचारा लागते."

"विचारा जी. आमीबी विचारतो आमच्यात."

गेले. जाताना रस्त्यात दोघा-तिघांनी पाहिलं त्यांना. गावात काय काय बोलणं चालू आहे, शाळेत माझ्यापर्यंत आलं तेवढंच पुष्कळ. वस्तीच्या पाया पडले म्हणतात. कमिटीतले दोघे तर उघड म्हणतात, मास्तर आधी काढा, मग बोलू.

शनि. १ फेब्रु.

आ.सा.चा निरोप. विहिरीचं रविवारी सांगतो, तुमच्यातले चार जण ठरवा, बोलायला बसू. वस्तीत उद्या नऊला बैठक. निम्मे म्हणतात, आला एवढा तर जाऊ. निम्मे म्हणतात, विहीर आधी. चूल न पेटलेली दोन घरं पहिल्यांत आहेत, त्यांना कोण काय म्हणणार.

बायांनी शांताला सांगितलंय, तू बोल. तुला मांडता येतं.

गोविंदा येऊन गेला. बसला, पाणी प्यायला. म्हणाला, कमिटीतले दोघे उद्या निंबाखाली कोण कोण बसतं ते पाहणार आहेत. नावं लिहून घेणार.

रवि. २ फेब्रु., सकाळ

शांतानं धुतलेलं लुगडं नेसलंय. केस विंचरून झाले. चहा ठेवला, माझ्यापुढं कप सरकवला आणि म्हणाली, "मी बोलली तं तुमच्या कायमच्या आर्डरीचं काय होईन?"

म्हटलं, माहीत नाही.

"जाऊ नको म्हनता काय?"

"नाही. जा." मग म्हटलं, "मीही येतो."

ती उठता उठता थांबली.

"बसाले का बोलाले?"

साडेआठ वाजलेत. बाहेर मैनाबाई हाक मारते आहे. शांता दारात उभी, माझ्याकडं पाहत. हे लिहिणं म्हणजे वेळ काढणं आहे, तिलाही ते कळतं. "बोलायला," म्हणून वही मिटतो.